नागपूरचा आकडा आणि मुंबईचा आकडा

काही वर्षांपूर्वी नागपुरात शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही सरासरी आणि निर्देशांक यांवर बोलत होतो. मधल्या सुट्टीत गणित शिकवणाऱ्या एक बाई हातात चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांची मुंबईला बदली होण्याचा रंग दिसत होता. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या तक्त्यातून त्यांनी दोन आकडे उतरवून आणले होते, एक नागपूरचा आणि एक मुंबईचा. नागपूरचा आकडा मोठा होता.

"म्हणजे मुंबई आपल्यापेक्षा स्वस्त झाली की हो!" असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, "चूक आहे हे मलाही कळतंय. पण वर्गात एखाद्या मुलानं विचारलं, चूक नेमकी कुठं आहे, तर काय सांगू?"

प्रश्न चांगला होता. त्याचे छोटे उत्तर आम्ही तिथेच दिले. समजा, वर्गातल्या रमेशची उंची गेल्या पाच वर्षांत ३० टक्क्यांनी वाढली आणि सुरेशची २० टक्क्यांनी. यावरून दोघांत उंच कोण, हे सांगता येईल का? नाही. पाच वर्षांपूर्वी कोण किती उंच होता, हे इथे दिलेलेच नाही. निर्देशांकाचे तसेच आहे. पायाभूत वर्षी नागपूरचा खर्च १०० मानलेला असतो आणि मुंबईचाही १००. प्रत्यक्षात मुंबईत दुप्पट पैसे लागत असले तरी तिथे लिहायचे १०० च. त्यानंतर प्रत्येक शहराची तुलना होते ती त्याच्या स्वतःच्या मागच्या दिवसांशी, शेजारच्या शहराशी नाही.

बाईंचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. कारण त्यांचा खरा प्रश्न तसाच राहिला होता: मुंबईला गेलो तर किती जास्त लागतील? दर महिन्याला एवढे आकडे छापले जातात, मग घर हलवणाऱ्या माणसाला हवा असलेला हा एकच आकडा त्यांत का नसतो? हे शोधताना आम्ही जुन्या कागदपत्रांत शिरलो आणि थेट तुरुंगात जाऊन पोचलो.

तुरुंगात नेले दादाभाई नौरोजींनी. १८७६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर एक निबंध मुंबईत वाचला. दरडोई उत्पन्न किती आणि माणसाला जगायला लागते किती, हे त्यांना समोरासमोर मांडायचे होते. पहिला आकडा त्यांनी पिकांच्या सरकारी अहवालांवरून काढला. दुसरा आणायचा कुठून? गरिबाच्या घरी हिशेबाची वही नसते. पण एक घर असे होते की जिथे दर माणशी अन्नवस्त्राचा खर्च पै-पैशाने लिहून ठेवलेला असे. ते घर म्हणजे सरकारी तुरुंग. दादाभाईंनी प्रांतवार तक्ता केला. मध्य प्रांतात, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या प्रांतात, दरडोई वार्षिक उत्पन्न १८ रुपये आणि कैद्याचा अन्नवस्त्राचा खर्च ३१ रुपये. मुंबई इलाख्यात उत्पन्न २२ रुपये आणि कैद्याचा खर्च ४७ रुपये ७ आणे. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारला दाखवून दिले.

दादाभाईंचा रोख शहरांच्या तुलनेकडे नव्हता. पण आपल्या कामाचे काहीतरी त्या तक्त्यात नकळत आले आहे. मुंबई इलाख्यातला तुरुंग मध्य प्रांतापेक्षा सुमारे दीडपट महाग होता. मग मुंबईकडे जगणे दीडपट महाग होते असे म्हणायचे का? थोडे थांबायला हवे. कैद्याचा शिधा त्या त्या प्रांताच्या धान्यावर ठरे. इथला कैदी आणि तिथला कैदी एकच जेवण जेवत नव्हते. त्या दीडपटीत भावांचा फरक किती आणि ताटांचा फरक किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन शहरांच्या तुलनेतली मूळ अडचण ही अशी पहिल्या तक्त्यातच बसलेली आहे, आणि ती अजून उठलेली नाही.

पुढची गोष्ट गिरण्यांची. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाव चढले, मजुरी मागे पडली, मुंबईत संप होऊ लागले. मजुरी किती वाढवायची हे ठरवायचे तर महागाई किती झाली हे मोजायला हवे. त्यासाठी मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय काढले. जुलै १९१४ चे भाव १०० धरून ते दर महिन्याला कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापू लागले. या कार्यालयाचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगारांच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांची पाहणी करून १९२३ मध्ये अहवाल काढला. त्यातले एक निरीक्षण दादाभाईंच्या तक्त्याची आठवण करून देते. मुंबईचा कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळी कामावर देण्याच्या कमाल शिध्याइतके आहे, पण मुंबईच्या तुरुंगाच्या नियमांत ठरवलेल्या शिध्यापेक्षा कमी आहे, असे त्यात म्हटले होते. अर्धशतक उलटत आले तरी मोजमापाचे माप तुरुंगच राहिले होते!

मुंबईपाठोपाठ अहमदाबाद, सोलापूर आणि नागपूर या गिरण्यांच्या गावांनीही स्वतःचे निर्देशांक सुरू केले. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती आणि शहराचा मोठा भाग तिच्या भोंग्यावर उठत-बसत होता. नागपूर आणि जबलपूर यांच्यासाठी जानेवारी १९२७ चे भाव १०० धरले गेले. अहमदाबादने ऑगस्ट १९२६ ते जुलै १९२७ हे वर्ष घेतले, सोलापूरने फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८. मुंबईने आपला जुना निर्देशांक पुढे बदलला आणि जुलै १९३३ ते जून १९३४ हा नवा पाया घेतला.

आता या तारखा जरा शेजारी ठेवून पाहा. नागपूरचा पाया जागतिक मंदीच्या आधीचा, भाव चढे असतानाचा. मुंबईचा नवा पाया मंदीतला, भाव तळाला गेले असतानाचा. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, ऑगस्ट १९३९ मध्ये, मुंबईचा आकडा १०५ होता आणि नागपूरचा मात्र शंभराच्या बराच खाली. आकडे शेजारी मांडून नागपूरला स्वस्ताईचे गाव ठरवणारे लोक तेव्हाही निघाले असतील. नागपूर कदाचित खरेच स्वस्त असेल, पण ते या आकड्यांवरून सिद्ध होत नव्हते. आमच्या शिक्षिका बाईंची चूक तीच होती, फक्त उलट्या बाजूने.

वेगवेगळ्या पायांचा हा गोंधळ लवकरच एका मालकाला भोवला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून निघून भुसावळ, वर्धा करत नागपूरला येई. नोकर एकाच कंपनीचे, पण राहणार निरनिराळ्या गावांत. युद्धामुळे महागाई भत्त्याची मागणी आली तेव्हा १९४० मध्ये बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले गेले. (हेच राव पुढे संविधान सभेचे घटनाविषयक सल्लागार झाले.) प्रत्येक गावाचे निर्देशांक वेगळ्या पद्धतीने काढलेले असल्याने त्यांच्या आधारे सर्वांना सारखा न्याय देणे कठीण होते. पुढे एस. आर. देशपांडे यांच्या देखरेखीखाली देशभरच्या केंद्रांत एकसारख्या पद्धतीने कौटुंबिक अंदाजपत्रकांच्या पाहण्या झाल्या. १९४६ मध्ये सिमल्याला श्रम ब्युरो निघाला. आज आपण पाहतो तो औद्योगिक कामगारांचा निर्देशांक त्याच परंपरेतला. १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ असे त्याचे पाये बदलत आले. केंद्रे ५० वरून ७०, ७८ आणि ८८ झाली. पद्धत एक झाली, पाया एक झाला. तरी प्रत्येक शहराने आपल्याच १०० पासून निघायचे हे कायम राहिले. हा काही कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. निर्देशांक भत्ता वाढवण्यासाठी आहे. गाव बदलणाऱ्यांसाठी तो केलेलाच नाही.

मग गाव बदलणाऱ्यांसाठी कोणी काही केलेच नाही काय? केले, पण नागपूरपासून फार दूर. १९२९ मध्ये मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला एक साधा वाटणारा प्रश्न विचारला. आमच्या डेट्रॉइटच्या कामगाराला जसे जगता येते तसेच बर्लिन, स्टॉकहोम, बार्सिलोना किंवा इस्तंबूलच्या कामगाराला जगता यावे, तर तिथे मजुरी किती द्यावी? डेट्रॉइटमध्ये फोर्डच्या शंभर कामगार-कुटुंबांची बारीकसारीक पाहणी झाली. काय खातात, किती खोल्यांत राहतात, कोणते कपडे घेतात. ही यादी घेऊन युरोपातल्या शहरांत भाव काढायला माणसे गेली आणि अडली. डेट्रॉइटच्या त्या शंभरांतल्या निम्म्याच्या आसपास कुटुंबांकडे स्वतःची मोटार होती. युरोपातला कामगार मोटार ठेवतच नव्हता. मग मोटारीच्या जागी काय धरायचे? ट्रामचे तिकीट? डेट्रॉइटसारखी खोली तिथल्या कामगार वस्तीत नाही आणि तिथला पाव इथल्या दुकानात नाही. १९३२ मध्ये अहवाल निघाला तेव्हा त्यात शहराला एक नेमका आकडा देण्याऐवजी खालची आणि वरची मर्यादा दिलेली होती. शास्त्रज्ञ म्हणून आम्हाला हा प्रामाणिकपणा फार आवडला. प्रयोगशाळेतही चांगल्या मोजमापाशेजारी त्रुटीची मर्यादा लिहिलेली असतेच.

खालची आणि वरची अशा दोन मर्यादा का निघतात, हे वर्गात फळ्यावर दाखवता येते. त्यासाठी पुढचे आकडे आम्ही हिशेबापुरते कल्पिले आहेत. संसारात दोनच गोष्टींवर खर्च होतो असे समजू: खोल्या आणि प्रवास. नागपुरात खोलीचे भाडे ३,००० रुपये, मुंबईत १२,०००. पाचशे किलोमीटर प्रवासाला नागपुरात दुचाकीने २,००० रुपये, मुंबईत लोकलने १,०००. नागपूरचे कुटुंब तीन खोल्यांत ऐसपैस राहते आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरते. त्याचा खर्च ९,००० अधिक ४,०००, म्हणजे १३,०००. हाच संसार जसाच्या तसा उचलून मुंबईत मांडला तर ३६,००० अधिक २,०००, म्हणजे ३८,०००. मुंबई जवळजवळ तिप्पट महाग!

आता मुंबईचे कुटुंब घ्या. ते एका खोलीत राहते आणि कल्याणहून रोज लोकलने जाऊन-येऊन महिन्याला दोन हजार किलोमीटर करते. खर्च १२,००० अधिक ४,०००, म्हणजे १६,०००. ते नागपुरात आले आणि तसेच राहिले, तर ३,००० अधिक ८,०००, म्हणजे ११,०००. या हिशेबाने मुंबई फक्त दीडपट महाग. भाव तेच, शहरे तीच. बदलली ती बाजाराची पिशवी.

निघालेल्या गावाची पिशवी घेऊन गुणोत्तर काढण्याची रीत एटिएन लास्पेर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८७१ मध्ये मांडली आणि पोचलेल्या गावाची पिशवी घेण्याची हर्मान पाशे याने १८७४ मध्ये. दोघांच्या डोळ्यांपुढे गावे नव्हती, वर्षे होती. पण गणित तेच. अमेरिकेच्या अर्व्हिंग फिशरने १९२२ च्या आपल्या पुस्तकात दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे असे सुचवले. आपल्या उदाहरणात ते २.०६ येते. आकडा सुबक आहे. पण दुपटीने महाग झालेले ते कुटुंब ना नागपूरचे ना मुंबईचे. ते कागदावरच राहते.

शिवाय पिशवीत काही वस्तू अशा असतात की त्यांना दुसऱ्या गावात भावच नसतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कूलर, त्याला लागणारा वाळा, पाणी आणि वीज हा इथे चैनीचा खर्च नव्हे. मुंबईला निघालेला माणूस कूलर विकून टाकतो. तिथे तो खर्च शून्य धरायचा, की घामाने चिंब होऊन लोकलमध्ये उभे राहण्याची काही किंमत लावायची? विदर्भात एके काळी बऱ्याच घरांतून जवसाचे तेल खाण्यात असे. ते मुंबईत मिळाले नाही आणि शेंगदाण्याचे घ्यावे लागले, तर ती महागाई झाली की नुसता चवीतला बदल? मुलांना हे प्रश्न जरूर विचारावेत. उत्तरे निरनिराळी येतील आणि त्यांतली बरीचशी बरोबर असतील.

आमच्या शहराने अशी परीक्षा एकदा घाऊक प्रमाणात दिली आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. एका दिवसात ते नुसते जिल्ह्याचे गाव झाले. नव्या मध्य प्रदेशाचे सचिवालय भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. सचिवालयातल्या कारकून मंडळींची भोपाळला किंवा मुंबईला पांगापांग झाली. आमचे आजोबा त्यांतलेच एक. त्यांच्या वाट्याला मुंबई आली.

जाण्याआधी त्यांनी घातलेल्या हिशेबाची वही आमच्या घरात आहे. डाव्या पानावर नागपूर, उजव्यावर मुंबई. हिशेब रुपये-आणे-पैंत, कारण नवे पैसे यायला अजून पाच महिने होते. डावे पान भरलेले आहे: धान्य, दूध, जळण, शाळेची फी, मोलकरीण. उजवीकडे मुंबईहून आलेल्या एका परिचिताच्या पत्रातून कळलेले भाव. धान्यात फारसा फरक नाही. भाड्याचा आकडा तर आश्चर्य वाटावे इतका माफक आहे. परिचिताने लिहिलेले खोटे नव्हते. तो स्वतः खरोखरच तेवढेच भाडे देत होता.

त्याचे कारण १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. त्या कायद्यात प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधलेले होते. जुना भाडेकरू त्या दरात राही. नव्या माणसाला मात्र तशी खोली मिळायची तर आधी पागडी मोजावी लागे. पागडी बेकायदा, म्हणून तिची पावती नाही. पावती नाही, म्हणून ती कुठल्याही पाहणीत सहजी सापडायची नाही. निर्देशांकात भाडे येते ते गावात आधीपासून राहणाऱ्या कुटुंबांचे. आजही श्रम ब्युरो घरभाड्याची पाहणी ठरलेल्या घरांत दर सहा महिन्यांनी करतो आणि जानेवारी-जुलैत आकडा बदलतो. महागाई मोजायला ही रीत योग्यच आहे. पण उद्या स्टेशनवर ट्रंक घेऊन उतरणारा माणूस त्या सरासरीत नसतो. त्याला लागतो तो आजच्या रिकाम्या खोलीचा भाव, आणि वर अनामत. शहर त्याच्या रहिवाशांना किती महाग पडते आणि नवख्याला किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. आमच्या मते दोन शहरांच्या तुलनेत सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

सरकारनेही यावर नामी तोड काढली आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो, म्हणून नागपूर आणि मुंबईत त्याचा दर एकच. फरक पडतो घरभाडे भत्त्यात, आणि तो ठरतो लोकसंख्येवर. पन्नास लाखांवरची शहरे 'एक्स', पाच ते पन्नास लाखांची 'वाय', त्याखालची 'झेड'. मुंबई एक्समध्ये, नागपूर वायमध्ये. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये हे दर मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के ठरले आणि महागाई भत्ता वाढेल तसे तेही वाढवण्याची तरतूद झाली. भाव मोजण्याऐवजी माणसे मोजली! माणसे मोजणे सोपे असते हे खरे. पण नागपूर आणि मुंबई यांच्या भाड्यातला फरक तेव्हाच्या दरांनुसार मूळ पगाराच्या आठ टक्क्यांत बसत होता का, याचा हिशेब वाचकांनीच घालून पाहावा.

त्या शिक्षिका बाईंना आम्ही शेवटी वहीची गोष्ट सांगितली. आजोबा १९५६ च्या हिवाळ्यात एकटेच मुंबईला गेले. दादरला तीन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहिले, खाणावळीत जेवले. आजी आणि मुले नागपुरातच राहिली, कारण पागडीचे पैसे जमायला चार वर्षे लागली. वहीचे उजवे पान नंतर निराळ्या शाईने पुरे केलेले आहे. त्यात भाड्याचा आकडा खोडून खाणावळ लिहिली आहे, मनिऑर्डरीची फी लिहिली आहे, वर्षातून दोनदा नागपूर मेलचे जाण्या-येण्याचे तिकीट लिहिले आहे. बाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर तेवढ्या बाबी उतरवून घेतल्या आणि खाली स्वतःची एक जोडली: 'माझी नोकरी'.